मामाल ते मावळ : एका सरहद्दीची गोष्ट

सरहद्द म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काटेरी तारा, चौकी आणि बंदूकवाला शिपाई येतो. पण शिपाई नसलेल्या सरहद्दीही असतात आणि त्या राज्यांच्या सरहद्दींपेक्षा जुन्या असतात. मी राहतो तो कार्ले परिसर अशाच एका सरहद्दीवर आहे. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बोगद्यातून बाहेर येतो, लोणावळ्याला चिक्की घेतो आणि पुढे निघतो. आपण देशावर चढून आलो, एक जग सोडून दुसऱ्या जगात आलो, हे त्याला जाणवतही नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला मात्र ते पायांना जाणवायचं.

आधी भूगोल पाहू. पुणे जिल्ह्याचा मावळ तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर आणि माथ्याला लागून आहे. पश्चिमेला कडा तुटतो आणि खाली रायगड जिल्ह्यातले खालापूर, कर्जत दिसतात. दक्षिणेला मुळशी, पूर्वेला हवेली आणि खेड. तालुक्याचं ठाणं वडगाव. तालुक्याचे जुने तीन भाग लोक आजही बोलण्यात वापरतात : नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ. तिन्ही म्हणजे नद्यांची खोरी. कार्ले इंद्रायणीच्या खोऱ्यात आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा-कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागरात जाते. राजमाचीच्या बाजूला मात्र उल्हास नदी उगम पावते आणि वसईच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. एकाच ढगातला एक थेंब पूर्वेला, दुसरा पश्चिमेला. ही आमच्या भागाची खरी सरहद्द. ती कोणत्याही बादशहाने आखलेली नाही.

आता नाव. सूर्य मावळतो त्या दिशेचा मुलूख म्हणून मावळ, असं आम्हाला लहानपणी सांगितलं गेलं आणि मीही वर्गात ते सांगतो, कारण ते मुलांच्या लक्षात राहतं. पण याच्याही मागे जाता येतं आणि त्यासाठी दूर जावं लागत नाही. कार्ल्याच्या लेण्यात सातवाहन काळातला एक आज्ञालेख कोरलेला आहे. वळूरक लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक भिक्षूंना करजक नावाचं गाव दिल्याचा हुकूम त्यात आहे. हे गाव कुठे आहे? तर ‘मामाल आहारा’त, उत्तरेच्या वाटेवर. आहार म्हणजे त्या काळचा जिल्हा. वळूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचं जुनं नाव आणि मामाल म्हणजे आपलं मावळ, असं अभ्यासक मानतात. म्हणजे अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी हा भाग एक वेगळा प्रशासकीय मुलूख होता, त्याला नाव होतं आणि तिथे राजाचा अमात्य बसत होता. आपल्या सातबाऱ्यावरच्या तालुक्याच्या नावाचा इतका जुना दाखला किती गावांना मिळतो?

या लेखाच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. त्याच लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा क्षहरात राजा नहपानाचा जावई, शक कुळातला, म्हणजे वंशाने बाहेरचा. त्यानेही इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिलं होतं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. राज्य बदललं. पण जिंकणाऱ्यानेही भिक्षूंना ते गाव पुन्हा दिलं. शत्रूने दिलेलं दान म्हणून ते मोडलं नाही. सरहद्दीवरच्या मुलखात सत्ता कशी बदलते आणि त्याखाली काय टिकतं, याचं हे पहिलं उदाहरण.

कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. आत ३७ खांब आहेत आणि छताला लाकडी फासळ्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लाकडाखाली उभं राहिलं की माणूस आपोआप हळू बोलतो. पण मी मुलांना तिथे नेतो ते खांब दाखवायला कमी आणि खांबांवरची नावं दाखवायला जास्त. हे लेणं एका राजाने खोदलेलं नाही, वर्गणीतून झालेलं आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा भूतपाल नावाचा शेठ यात आहे. सोपाऱ्याहून आलेला दाता आहे. आणि धेनुकाकट गावचे कितीतरी दाते आहेत, त्यांतले बरेच स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. यवन म्हणजे मुळात ग्रीक, पश्चिमेकडून आलेले लोक. हाच शब्द पुढे मराठी बखरींत आणि काव्यांत मुसलमानांसाठी वापरला गेला आणि त्यात परकेपणाचा, कधी तुच्छतेचा सूर आला. कार्ल्याच्या खांबावर मात्र तो शब्द मानाने कोरलेला आहे. यवनाने खांब दिला, खांबावर नाव लावलं, आणि त्या खांबाने दोन हजार वर्षं छत पेललं.

चैत्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. चैत्र महिन्यात यात्रा भरते तेव्हा ठाणे, रायगड, मुंबईचे कोळी आणि आगरी बांधव पालख्या घेऊन येतात. समुद्रावर जगणाऱ्या लोकांची कुलदेवी घाटमाथ्यावर बसलेली आहे, खाली समुद्रकिनारी नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंमध्येही अनेकांची ही कुलदेवी. कोकण आणि देश यांमधली सरहद्द कडा तोडतो, पण माणसं दरवर्षी ती शिवून टाकतात.

आता किल्ल्यांकडे येऊ. खरी अडचण इथेच सुरू होते. मावळ म्हणजे घाटवाटांचा मुलूख आणि घाटवाट म्हणजे जकात. चौल, कल्याण, पनवेलकडचा माल बोरघाटाने वर यायचा. वाटेवर ज्याचा ताबा त्याचा खजिना. म्हणून लोहगड-विसापूरची जोडी, पवनेच्या खोऱ्यावर तुंग आणि तिकोना, उल्हासच्या खोऱ्यावर नजर ठेवणारी राजमाची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदने बहमनी सत्तेतून बाहेर पडून अहमदनगरची निजामशाही उभी केली, तेव्हा या भागातले किल्ले त्याने आधी घेतले. हा मलिक अहमद कोण? फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की त्याचे वडील मलिक हसन हे मूळचे पाथरीच्या कुलकर्णी ब्राह्मण घराण्यातले. म्हणजे मावळच्या गडांवरचा हा मोठा मुसलमान सत्ताधीश एका पिढीमागे मराठवाड्यातला ब्राह्मण होता. पुढे याच निजामशाहीसाठी मलिक अंबर हा हबशी वजीर मोगलांशी लढला आणि शेवटी शहाजीराजांनी एका लहान निजामाला गादीवर बसवून शहाजहानच्या फौजेशी झुंज दिली. १६३६ मध्ये ती झुंज संपली. या लढाईत एका बाजूला हिंदू आणि दुसऱ्या बाजूला मुसलमान अशी रेघ ओढायला गेलं, तर रेघच सापडत नाही.

शिवाजी महाराजांच्या काळातही बारा मावळांचे देशमुख एका रांगेत उभे नव्हते. अफजलखान चालून आला तेव्हा रोहिडखोऱ्याचे कान्होजी जेधे महाराजांकडे राहिले, तर त्याच भागातले खंडोजी खोपडे खानाकडे गेले. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगल फौज पुण्याहून निघाली, तळेगाव, वडगाव करत आमच्याच खोऱ्यातून लोणावळ्याला आली आणि कुरवंडे घाटाने खाली उतरली. उंबरखिंडीत महाराजांनी तिला गाठलं. त्या मोगल फौजेत माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन ही शूर बाई होती. शरण जा, असा शहाणपणाचा सल्ला खानाला तिनेच दिला, असं सांगितलं जातं. महाराजांच्या बाजूला सिद्दी हिलाल होता, आरमारात दौलतखान होता, पत्रव्यवहाराला काझी हैदर होता. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे गड मोगलांना द्यावे लागले. तो तह घडवून आणणारा मोगल सेनापती मिर्झाराजा जयसिंह. १६७० मध्ये महाराजांनी लोहगड परत घेतला.

हे सगळं मी नववीच्या मुलांना लोहगडाच्या पायऱ्यांवर सांगत होतो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून आम्ही वर आलो होतो. एका मुलाने हात वर केला. आमच्याच मोहल्ल्यातला मुलगा. त्याने विचारलं, “सर, मग आपण कुठल्या बाजूचे?”

त्याच्या त्या ‘आपण’मध्ये मी होतो, तो होता, आणि शेजारी बसलेले त्याचे वर्गमित्र नव्हते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नसतो. तो रस्त्यावर, मोबाइलवर, कधी खेळाच्या मैदानावर त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. त्या दिवशी मी त्याला उलट विचारलं, “तुझ्या घरी पाच पिढ्या कोण काय करत होतं?” तो म्हणाला, “मुलाणी.” मुलाणी म्हणजे गावगाड्यातला माणूस. जत्रेला, लग्नाला, गावच्या देवाच्या कंदुरीला बकरं हलाल करणारा, आणि त्याबद्दल सुगीत धान्याचा वाटा घेणारा. निजामशाहीत तो मुलाणी होता, आदिलशाहीत मुलाणी होता, स्वराज्यात आणि पेशवाईतही मुलाणीच होता. गडावर झेंडा कोणाचा, हे त्याला शेतसाऱ्यावरून आणि लुटालुटीवरून कळायचं, कुणब्याला आणि कोळ्याला कळायचं तसंच. तांबोळी, अत्तार, पिंजारी, बागवान, मोमीन यांचंही तेच. तख्तावर बसलेल्यांची बाजू असते. गावात राहणाऱ्याचं गाव असतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे मला या प्रश्नाचं दुसरं उत्तर भाषेत सापडतं. सरहद्द हा शब्दच घ्या. ‘सर’ फारसी, ‘हद्द’ अरबी, आणि तो मराठीत इतका मुरला की त्याला कोणी परका म्हणत नाही. मौजे कार्ले, तालुका मावळ, जिल्हा पुणे. यातला मौजे अरबी ‘मौजा’, तालुका अरबी, जिल्हा अरबी ‘जिला’. कार्ले आणि मावळ मात्र इथल्या मातीचे, त्यातलं मावळ तर लेण्यातल्या मामालपासून चालत आलेलं. गडावरचे शब्द पाहा : किल्ला, बुरूज, खंदक, हवालदार, सबनीस. आणि सगळ्यात मला आवडतो तो ‘गणेश दरवाजा’. देव इथला, दार फारसी, आणि दोन्ही मिळून एक मराठी नाव. राज्यकारभारातले फारसी शब्द बाजूला सारून संस्कृत शब्द आणावेत म्हणून शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, हेही मी मुलांना सांगतो, कारण ते खरं आहे. कोश झाला, तरी लोकांनी जिभेवरचे शब्द सोडले नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

पुढचं शतक. इंग्रजांनी रघुनाथरावाला गादीवर बसवायचं म्हणून मुंबईहून फौज पाठवली. सुमारे ३,९०० सैनिक आणि सामान वाहायला १९,००० बैल. पनवेलहून बोरघाट चढून ही फौज खंडाळ्याला आली. पुढची वाट आमच्या खोऱ्यातली. मराठ्यांनी समोरून मोठी लढाई न देता दोन्ही बाजूंनी मारा करत त्यांना पुढे येऊ दिलं आणि वाटेतला दाणागोटा संपवला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट हा धाडसी इंग्रज अधिकारी तोफेच्या गोळ्याने मेला. त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांनी त्याला ‘फाकडा’ म्हटलं आणि स्टुअर्टचा झाला इष्टुर फाकडा. ही फौज तळेगावपर्यंत पोचली, तिथून रात्री माघारी फिरली, वडगावला वेढली गेली आणि महादजी शिंद्यांपुढे तह करून मोकळी झाली. हाच वडगावचा तह. आज वडगावात या विजयाचं स्मारक आहे आणि त्याच वडगावात इष्टुर फाकड्याची कबरही आहे. लोक ती मानतात. आपल्यावर चालून आलेल्या माणसाला फाकडा म्हणण्याएवढं आणि त्याची कबर सांभाळण्याएवढं मोठं मन या मावळाकडे होतं आणि आहे.

मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी विसापूर आणि लोहगड घेतले आणि किल्ल्यांचा काळ संपला. त्यानंतर सरहद्द तोफांनी नाही, कामगारांच्या हातांनी बदलली. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये घाटातला मार्ग पूर्ण झाला : २५ बोगदे आणि १,८३१ फुटांची चढण. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने काम पुढे नेलं, हे नाव इतिहासात राहिलं. ऐन कामाच्या काळात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात होते. पटकीने, तापाने, कड्यावरून पडून हजारो मेले. त्यांची नावं लेण्यातल्या यवन दात्यांसारखी कुठल्याही खांबावर कोरलेली नाहीत.

मग पाणी. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता ही धरणं बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. जे पाणी इंद्रायणीतून बंगालच्या उपसागराकडे जायचं, ते नळातून कड्याखाली सोडलं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. वर सांगितलेली थेंबांची सरहद्द माणसाने पहिल्यांदा ओलांडली ती अशी. त्याची किंमत घाटमाथ्यावरच्या गावांनी मोजली. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तो याच प्रश्नावर. आज इंद्रायणी तांदळाच्या वासाने ओळखलं जाणारं मावळ एका बाजूला आणि द्रुतगती मार्ग, बंगले, रिसॉर्ट दुसऱ्या बाजूला. शेतकऱ्याच्या जमिनीची हद्द आता दर महिन्याला सरकते.

इथे थोडं दूर जाऊन येऊ. हंगेरी या देशात जिल्ह्याला ‘वारमेज्ये’ म्हणतात. ‘वार’ म्हणजे किल्ला. आपल्या मावळांसारखे तिथले जिल्हेही किल्ल्यांभोवती उभे राहिले. क्रोएशियाच्या सरहद्दीला, द्रावा नदीकाठी बारान्या नावाचा जिल्हा आहे. १५२६ च्या एप्रिलमध्ये पानिपतची पहिली लढाई झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातल्या मोहाचच्या मैदानात उस्मानी सुलतान सुलेमानने हंगेरीच्या राजाला हरवलं आणि तो तरुण राजा पळताना बुडून मेला. पेच या जिल्ह्याच्या शहरात पाशा कासिमची मशीद आज चर्च आहे आणि तिच्या घुमटावर चंद्रकोरीसह क्रॉस आहे. सिगेतवारच्या किल्ल्याला १५६६ मध्ये वेढा पडला. वेढा चालू असतानाच सुलेमान छावणीत वारला आणि किल्ला लढवणारा झ्रिन्यी शेवटच्या हल्ल्यात मारला गेला. १९९४ मध्ये तिथे एक बाग उभी राहिली. तिच्यात सुलेमान आणि झ्रिन्यी या दोघांचे पुतळे शेजारी शेजारी आहेत.

बारान्या आणि मावळ यांत एक मोठा फरक आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. तिथे उस्मानी सत्ता गेली तेव्हा बहुतेक मुसलमानही गेले. इमारती राहिल्या, माणसं राहिली नाहीत. त्यामुळे शत्रूचा पुतळा उभारणं तिथे तुलनेने सोपं होतं. मोजायला शेजारी कोणी नव्हतं. इथे मात्र निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मोगल गेले, पण मुलाणी, तांबोळी, अत्तार गेले नाहीत, कारण ते कोणाबरोबर आलेच नव्हते. तख्ताबरोबर आलेला तख्ताबरोबर जातो. आम्ही मातीबरोबर होतो. म्हणून आमची कसोटी अवघड आहे. दोन पुतळे शेजारी ठेवण्यापेक्षा दोन जिवंत घरं शेजारी ठेवणं कठीण असतं.

ही कसोटी आज लोहगडावरच दिसते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात आमचा लोहगड आहे. मला त्याचा आनंद झाला, मावळात राहणाऱ्या कोणालाही होईल तसाच. त्याच गडावर एक दर्गाही आहे आणि गेल्या काही वर्षांत तिथल्या उरुसावरून वाद सुरू आहे. तो वाद कायद्याने आणि पुरातत्त्वाच्या कागदांनी सुटावा, आरोळ्यांनी नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि आपल्या बाजूच्या लोकांनाही मला सांगायचं आहे की गड हा सगळ्यांचा वारसा आहे, त्याच्या दगडाला धक्का लागेल असं काही आपल्या हातून होता कामा नये. हक्क सांगायचा तर जपणुकीचाही हिस्सा उचलावा लागतो.

त्या मुलाच्या प्रश्नावर मी वर्गाला एक काम दिलं. प्रत्येकाने आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं : आपण या गावात कधीपासून, गावगाड्यात आपलं काम काय होतं, आणि रेल्वे, धरण किंवा रस्ता यांत आपलं काय गेलं आणि काय मिळालं. वह्या परत आल्या तेव्हा मी त्या धर्माप्रमाणे लावल्या नाहीत, खोऱ्यांप्रमाणे लावल्या : नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ. एका कोळी मुलीच्या आणि त्या मुलाणी मुलाच्या वहीत धरणाखाली गेलेल्या एकाच गावाचं नाव होतं. दोघांनाही ते आधी ठाऊक नव्हतं.

आपल्या वाचकांनाही माझी एवढीच विनंती आहे. मुलांना कार्ल्याला आणा. मळवलीला उतरून चालत या. लेण्यातले खांब दाखवा, एकवीरेच्या पायऱ्यांवरची गर्दी दाखवा, लोहगडाचे दरवाजे दाखवा आणि वडगावची कबरही दाखवा. आणि घरी गेल्यावर आपल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं त्यांच्याकडून लिहून घ्या. आपला इतिहास बादशहांच्या यादीत शोधायला गेलं की आपण पाहुणे ठरतो. तो गावाच्या वहीत शोधला की आपण घरचे आहोत, हे मुलांना कुणी वेगळं सांगावं लागत नाही.